कोबाल्ट आधी की निकेल?

सोलापुरात अशोक चौकाजवळ माझी शिकवणी आहे. शेजारी टॉवेलचा कारखाना, त्यामुळे माग सुरू असले की आवाज चढवूनच शिकवावं लागतं. परवा दहावीच्या सुट्टीतल्या बॅचला मेंडेलीव्हच्या आवर्तसारणीतल्या, म्हणजे अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडलेल्या मूलद्रव्यांच्या तक्त्यातल्या, त्रुटी लिहून देत होते. एरवी गप्प बसणाऱ्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, कोबाल्टचं अणुवस्तुमान 58.93, निकेलचं 58.69. मग जड असून कोबाल्ट आधी कसं?"

दोन मार्कांच्या उत्तरात मावणारा हा प्रश्न नाही. मी फळा पुसून घेतला.

कोबाल्टच्या केंद्रकात 27 प्रोटॉन, निकेलच्या 28. पण निसर्गात मिळणारं कोबाल्ट सगळं एकाच प्रकारचं: 27 प्रोटॉन, 32 न्यूट्रॉन, मिळून 59. निकेलचे स्थिर समस्थानिक (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन वेगळे) पाच, आणि त्यात दोन तृतीयांशाहून जास्त वाटा 28 प्रोटॉन, 30 न्यूट्रॉनवाल्याचा, म्हणजे 58. त्यामुळे प्रोटॉन एक जास्त असूनही निकेलची सरासरी खाली येते. 1869 मध्ये मेंडेलीव्हला हे कळणार कसं? तेव्हा इलेक्ट्रॉनसुद्धा कुणाला माहीत नव्हता. 1913 मध्ये हेन्री मोजलेने क्ष-किरणांच्या साहाय्याने केंद्रकावरचा प्रभार, म्हणजे प्रोटॉनांची संख्या, ओळखला आणि आधी 27, मग 28 हा क्रम पक्का झाला. दोनच वर्षांत तो महायुद्धात गॅलिपोलीला मारला गेला. वय 27. हे सांगताना माझाच आवाज बसला.

मग कोबाल्टचे इलेक्ट्रॉन कक्षांमध्ये मांडले: 2, 8, 15, 2. पंधरावर सगळे अडले. तिसऱ्या कक्षेत आठ झाले की पुढचे दोन चौथीत जातात, आणि त्यानंतरचे सात परत तिसरीतल्या डी उपकक्षेत येतात. तिथे जागा पाच, एकेकीत दोन मावतात. दोन जोड्या लागतात, तिघं एकटे राहतात. चुंबकत्वाचं मूळ अशा एकट्या इलेक्ट्रॉनांत असतं. लोखंड 770 अंश सेल्सिअसला चुंबकत्व सोडतं, कोबाल्ट 1,100 च्या पुढेही धरून ठेवतं. दुसऱ्या कुठल्याच मूलद्रव्याला हे जमत नाही!

दुसऱ्या दिवशी कोबाल्ट क्लोराइडचे कागद नेले. ते विषारी असतात, म्हणून चिमट्यानेच धरायचे. पाण्याचे रेणू धरले की गुलाबी, सोडले की निळे. सोलापूरचा एप्रिल, कोरडी हवा. खिडकीत उन्हात ठेवलेला गुलाबी कागद बघता बघता निळा झाला. मुलांनी त्यावर फुंकर मारून मारून तो परत गुलाबी केला.

तीच मुलगी म्हणाली, "मॅडम, क्लोरिनने दोन इलेक्ट्रॉन नेले ना? मग आता 25." कुठले गेले, विचारलं. तिने वहीत लिहून दाखवलं: 2, 8, 15. बाहेरचे दोन गेले होते. आतले सात तसेच होते, आणि हे दोन्ही रंग त्यांचेच.