अब्रह्मण्यम् : चिठ्ठ्यांचा दुसरा गठ्ठा

शब्दवेड्या मंडळींसाठी या खेपेची प्रगती. किळस आणि निषेध दाखवणारे मराठी शब्द कुठे, कसे वापरले जातात याच्या चिठ्ठ्या मी जमवतो आहे. 'विटाळ' आणि 'सोवळं-ओवळं' यांचा पहिला गठ्ठा जवळपास आवरला. आता 'अब्रह्मण्यम्' हाती घेतला आहे आणि तो भलताच रंगला.

आधी घराणं. 'नमो ब्रह्मण्यदेवाय गोब्राह्मणहिताय च' हे अनेकांना पाठ असतं. त्यातल्या 'ब्रह्मण्य'चा हा नकार. ब्राह्मणाला न शोभणारं, त्याच्या वाईटावर असलेलं. संस्कृत नाटकांत मात्र तो आरोळी होऊन येतो. अमरकोशाच्या नाट्यवर्गात चक्क नोंद आहे : 'अब्रह्मण्यमवध्योक्तौ'. म्हणजे 'मी अवध्य आहे, मला मारू नका' असं ओरडायचा शब्द. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात इंद्राचा सारथी मातली अदृश्य राहून विदूषकाची मानगूट धरतो, तेव्हा पडद्याआडून हीच हाक येते. तिथे प्रेक्षक हसतात.

भवभूतीच्या उत्तररामचरितात, म्हणजे रामाच्या उत्तरायुष्यावरच्या नाटकात, हसू येत नाही. दुसऱ्या अंकात सांगितलं आहे की एका ब्राह्मणाने मेलेला मुलगा राजद्वारी ठेवला आणि छाती बडवत 'अब्रह्मण्यम्'चा घोष केला. त्याचा शेवट रामाच्या हातून शंबूकाच्या वधात होतो; शूद्राने तप केलं एवढाच त्याचा गुन्हा. ही चिठ्ठी मी गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवली आहे. पुरणपोळीत चॉकलेट घातलं की आपण जो शब्द फेकतो, त्याचा हा पूर्वेतिहास.

आता आजचं लेखन. प्रत्येक चिठ्ठीवर मी एक जादा रकाना ठेवला : 'किळस कोणाची?' या रकान्यानेच खरं काम केलं. लिहिणारा स्वतःच्या तिटकाऱ्यासाठी हा शब्द जवळजवळ वापरतच नाही. तो दुसऱ्याच्या तोंडी घालतो. 'त्या काळी कुलीन बाईने नाटकात काम करणं म्हणजे अब्रह्मण्यम्!', 'आजोबांच्या लेखी हॉटेलातला चहा म्हणजे अब्रह्मण्यम्!' असा ठरलेला साचा. शेवटी उद्गारचिन्ह हवंच. स्वतःसाठी वापरलाच, तर खाण्यापिण्याबद्दल किंवा कोणी 'मला मदत कर'ऐवजी हिंदी वळणाने 'माझी मदत कर' म्हटल्याबद्दल, आणि तेही डोळा मिचकावून. खरोखर चीड आली की तोच लेखक 'निंद्य', 'अक्षम्य' याकडे वळतो. थोडक्यात, हा शब्द आता सनातन्यांची टर उडवायला उरला आहे.

'विटाळ'चं असं झालेलं नाही. 1927 साली महाडला चवदार तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं ते याच कल्पनेपायी, आणि पाळीच्या दिवसांत कित्येक घरांत तो अजून पाळला जातो. त्यामुळे 'राजकारणाचा विटाळ' असं सहज लिहिलेलं वाचलं तरी खडा लागतो. 'वर्ज्य' तर पार थंड पडलाय. भूप रागात मध्यम-निषाद हे स्वर वर्ज्य म्हणताना कोणाच्या पोटात ढवळत नाही.

व्याकरणाची एक गंमत. शब्द विभक्ती घेत नाही. 'अब्रह्मण्याला' असं रूप मला आधुनिक लेखनात भेटलेलं नाही. शिवाय 'अर्थात्'चा पाय सरळ करून आपण 'अर्थात' लिहू लागलो, तरी इथे बरेच जण पाय मोडतातच. उसनी आरोळी आहे याची जाण हाताला असावी. ('अब्रम्हण्यम्' लिहिणाऱ्यांचा वेगळा गठ्ठा करावा लागेल, पण तेवढी रबरबँड माझ्याकडे नाहीत.)

इंग्रजीतला 'अनॅथेमा' याचा चुलतभाऊ. मूळ ग्रीक अर्थ देवाला वाहिलेली वस्तू, पुढे शापित, बहिष्कृत. 325 सालच्या निकियाच्या धर्मसभेने पाखंडी मतांना तो लावला. आज इंग्रजी वृत्तपत्रांत तो बहुधा उपपदाशिवाय (मागे 'an' न लावता) येतो, जसा आपला विभक्तीशिवाय. फरक एवढाच की तिकडे तो गंभीर चेहऱ्याने, एखाद्या पक्षाला एखादा कर कसा नकोसा आहे हे सांगायला वापरतात. आपल्याकडे तो विनोदी लेखकांच्या पदरात पडला.

पुढचं काम : एकोणिसाव्या शतकातल्या परशुरामतात्या गोडबोल्यांची संस्कृत नाटकांची मराठी भाषांतरं चाळायची. आरोळी मराठीत रंगभूमीवरून उतरली असा माझा कयास आहे, आणि जोडीला 'शांतं पापम्' ('पाप शमो', असं बोलूही नये) हा उद्गारही त्याच वाटेने आलेला दिसतो. कोणाला स्वातंत्र्यानंतरच्या लेखनात 'अब्रह्मण्यम्' खऱ्या रागाने, स्वतःच्या तोंडून वापरलेला सापडला, तर वर्ष आणि पान टिपून ठेवा. त्या रकान्यात माझ्याकडे फारच थोड्या चिठ्ठ्या आहेत.