आईच्या नावाने आलेली इन्कम टॅक्सची नोटीस आम्ही कशी तपासली

जुलैअखेरीस आईचं रिटर्न भरलं. एफडीच्या व्याजावर बँकेने टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला होता, त्यामुळे ती रिफंडची वाट बघत होती. अशात मेसेज आला: रिफंड मंजूर झालाय, पण खाते क्रमांक चुकल्याने रक्कम अडकली आहे, लिंकवर जाऊन दुरुस्त करा. खाली फुल्या मारलेला एक खाते क्रमांक होता, शेवटचे आकडे भलतेच. आमिष तेच! आपले पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातील या भीतीने कोणीही घाईघाईने आपला खरा नंबर भरून मोकळा होईल.

लिंकला हात न लावता मी ब्राउझरमध्ये स्वतः आयकर खात्याच्या पोर्टलचा पत्ता, इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन, टाइप केला आणि लॉगिन केलं. रिटर्न अजून प्रोसेसच झालं नव्हतं, मग रिफंड मंजूर कसा होईल? शिवाय रिफंड पोर्टलवर व्हॅलिडेट केलेल्या, म्हणजे पडताळलेल्या, खात्यातच जमा होतो, आणि आईचं खातं तिथे बरोबर होतं.

पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर ‘नोटीस’ आली. राजमुद्रा, कलम, सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. पाठोपाठ फोन: आज दंड भरा, नाहीतर अटक. आईचे हात थरथरत होते. सत्तरीच्या बाईला असं धमकावणाऱ्यांची मला आजही चीड येते. फोन मी घेतला, ‘नोटीस तपासून बघतो’ एवढंच सांगून ठेवून दिला.

1 ऑक्टोबर 2019 पासून आयकर खात्याच्या पत्रांवर, काही अपवाद सोडले तर, ‘डिन’ म्हणजे दस्तऐवजाचा ओळख क्रमांक असतो. पोर्टलच्या पहिल्याच पानावर नोटीस खरी आहे का हे तपासायची सोय आहे आणि त्यासाठी लॉगिनही लागत नाही. डिन आणि आपला मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी त्याच पानावर भरायचा. (फोनवर कोणी मागितला तर मात्र मुळीच द्यायचा नाही.) त्या पत्रावरही डिनसारखा लांबलचक आकडा होता. तो टाकला, तर अशी नोटीस निघाल्याची नोंदच नाही!

मेसेज आणि फोन, दोन्हींची तक्रार दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर, संशयास्पद फोन-मेसेज कळवायच्या ‘चक्षू’ या सोयीत केली. पैसे गेले असते तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा लागला असता.

खरं पत्र नंतर ईमेलवर आलं, कलम 143(1) खालची सूचना, म्हणजे रिटर्न प्रोसेस झाल्याचं कळवणारं पत्र. ती पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो: लहान अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. तो आईने स्वतः टाकला, आणि रिफंडचा आकडा आपल्या वहीतल्या हिशेबाशी ताडून पाहिला.