बसच्या दारातला गडी आणि माझी वायवा

परवा स्वारगेटहून कात्रजची बस पकडली, दारात एक गडी असा आडवा उभा की खालच्यांना चढताच येईना, स्टॉपवर नुसती गर्दी, आणि मला एकदम बी.फार्मची वायवा (तोंडी परीक्षा) आठवली.

एक्स्टर्नल मॅडमनी विचारलेलं, रॅटला आधी डोपामिनचा (मेंदूतल्या पेशींचा एक निरोप्या) रीअपटेक इन्हिबिटर, म्हणजे बाहेर पडलेलं डोपामिन पेशीत परत जाऊ न देणारं औषध, दिला आणि मग ॲम्फेटामाइन हे उत्तेजक, तर काय होईल? मी ठोकून दिलं, मॅडम, डबल इफेक्ट! दोन्हींनी डोपामिन वाढतं ना, म्हणजे बेरीज. मॅडम म्हणाल्या, तू बेरीज कर, मार्कांची वजाबाकी मी करते.

माझी तयारी म्हणजे काय तर ॲक्टोफोटोमीटर, उंदराची हालचाल मोजायचं यंत्र. उंदीर शेपटीला धरून खोक्यात सोडायचा, त्याने प्रकाशाचा किरण कापला की काउंटर एकाने पुढे, दहा मिनिटं आकडे लिहायचे. आमचा उंदीर कॅफीन देऊनही कोपऱ्यात मिशा पुसत बसला, रीडिंग शेजारच्या टेबलावरून घेतली (सगळेच घेतात, उगाच नावं ठेवू नका).

तर खरी गंमत अशी. पेशीने बाहेर सोडलेलं डोपामिन परत आत घ्यायला एक दार असतं, ट्रान्सपोर्टर. कोकेन म्हणजे तो दारातला गडी, स्वतः आत जात नाही, फक्त वाट अडवतो, म्हणून बाहेर गर्दी. ॲम्फेटामाइन मात्र मुख्यतः त्याच दाराने आत घुसतं आणि आतल्यांना उलटं बाहेर ढकलतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीकडे गर्दीच दिसते, पण गडी आधीच दारात असेल तर ॲम्फेटामाइन घुसणार कुठून? नोमिफेन्सिन हा असाच दुसरा गडी आधी दिला की तो डोपामिनचा लोंढा कमी होतो तो यामुळेच. सिरोटोनिन या दुसऱ्या निरोप्याचंही तेच, रॅटला आधी त्याचं दार अडवणारं फ्लुओक्सेटीन दिलं की एमडीएमए ही नशेची गोळी सिरोटोनिन बाहेर काढू शकत नाही.

1996 साली तर हे डोपामिनचं दारच नसलेले उंदीर तयार केले, ते मुळातच सैरावैरा धावायचे आणि कोकेन किंवा ॲम्फेटामाइनने त्यांची धावपळ वाढेना. 1999 मध्ये दिसलं की अशा उंदरांना मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक दिलं तर ते उलट शांत होतात, आणि फ्लुओक्सेटीननेही होतात, म्हणजे त्यात सिरोटोनिनचा हात आहे. हे वाचून मी दोन दिवस येडा झालो होतो.

आणि खरी चपराक पुढेच. डेसिप्रामिन पण रीअपटेक इन्हिबिटरच, नॉरॲड्रेनालिन या तिसऱ्या निरोप्याचा, पण ते रॅटला आधी दिलं तर ॲम्फेटामाइनचा इफेक्ट चक्क वाढतो. त्याचं एक मोठं कारण मेंदूत नाहीच, लिव्हरमध्ये आहे! रॅटची लिव्हर ॲम्फेटामाइन मोडते ती वाट डेसिप्रामिन अडवतं, मग औषध मेंदूत जास्त पोचतं आणि जास्त वेळ टिकतं. मॅडमनी डेसिप्रामिन विचारलं असतं तर माझं 'वाढेल' बरोबर ठरलं असतं, पण 'का वाढेल?' असं विचारल्यावर मात्र मी पुन्हा बेरीजच सांगितली असती.

बस पद्मावतीला आली तरी गडी हलला नव्हता, शेवटी कंडक्टरने त्याला आत ओढला.