पोट कधी उतरेल?

नाशिकमध्ये कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर कुणी ना कुणी नवी आई मला गाठतेच. आधी इकडचं तिकडचं, मग आवाज खाली आणून, "ताई, बाळंतपणानंतरचं पोट कधी उतरतं हो?" मी फिजिओथेरपिस्ट, म्हणून मलाच विचारतात. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

गर्भाशय मूळ आकाराला यायलाच साधारण सहा आठवडे लागतात. शिवाय पोटाच्या मधोमध दोन्हीकडचे स्नायू जोडणारी पट्टी गरोदरपणात ताणलेली असते. उताणं झोपून गुडघे वाकवा, डोकं किंचित उचला, बेंबीच्या वर बोटं ठेवा. दोन बोटांहून रुंद खाच लागली, तर क्रंचेस, म्हणजे उताणं झोपून डोकं-खांदे उचलायचा पोटाचा व्यायाम, तूर्त नकोत. नुसता पट्टा बांधून ती खाच भरत नाही. श्वास सोडताना पोट हळूच आत घ्यायचं, लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते एरवी आवळून सोडायचे, इथून सुरुवात. शिंकताना थेंब गळतात हे सांगायला बायका लाजतात. लाजू नका गं, त्यावर हाच व्यायाम आहे.

माझी मुलगी सिझेरियनची. दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी मला चालवलं, पण पंचवटीत माहेरी आले आणि बाजेवर पडले. शेक, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. त्या सव्वा महिन्याला मी नावं ठेवणार नाही, रात्ररात्र जागणाऱ्या बाईला विश्रांती हवीच. चुकलं ते पुढे. आठ महिने मी तशीच बसून राहिले, मांडीवर सतत बाळ. अकरा किलो वजन उतरलं नाही आणि कंबर धरली. हे सगळं शिकलेली असून!

उपाशी मात्र राहू नका. अंगावर पाजताना पहिले सहा महिने रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात. लाडू खा, पण एक. बाकी भूक भाकरी, डाळ, पालेभाजीनं भागवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांत बाळंतिणीसाठीही आठवड्याला 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितलाय. म्हणजे पाच दिवस, अर्धा-अर्धा तास. डॉक्टरांना विचारून दहा मिनिटांपासून सुरू करा. चालल्यावर रक्तस्राव वाढला तर थांबा आणि दाखवून या. "घरकामात चालणं होतंच की," असं सासूबाई म्हणतात. ओट्यापासून पाळण्यापर्यंतच्या खेपांनी पाय दुखतात, सलग दमदार चालणं होत नाही.

आणि त्या अर्ध्या तासात बाळ कोण धरणार? हे मी आताशा आईला विचारत नाही, सोबत आलेल्या नवऱ्याला विचारते. बरेच जण गप्प होतात.

सिडकोतल्या एकीचे सासरे रोज संध्याकाळी नातवाला खांद्यावर घेऊन गच्चीवर फिरतात. तेवढ्यात ही बाहेर चालून येते. परवा भेटली तेव्हा वजनाचा विषयच निघाला नाही. म्हणाली, "ताई, बाळाला घेऊन तीन जिने चढते आता, मध्ये थांबत नाही."