करवत काढली, कानस बसवली

गेली अकरा वर्षे माझ्या खिशात व्हिक्टोरिनॉक्सचा हंट्समन हा ९१ मिलिमीटर लांबीचा लाल चाकू असतो. मोठे पाते, छोटे पाते, डब्याचे आणि बाटलीचे ओपनर, कात्री, लाकडाची करवत, आकडा (हूक), आरी आणि बूच काढायचे मळसूत्र असा सगळा सरंजाम त्यात आहे. मागच्या वर्षी मी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आणि ज्या दिवशी जे हत्यार वापरले त्याच्यापुढे त्या दिवशी एक रेघ ओढायची, असा नेम दोन महिने पाळला. कात्रीपुढे रेघांना जागा पुरेना. करवतीपुढे एकच रेघ होती आणि तीही, खरे सांगायचे तर, कागद अगदीच कोरा दिसू नये म्हणून मुद्दाम कापलेल्या जास्वंदीच्या फांदीची होती.

माझे काम कंट्रोल पॅनलचे आहे. पत्र्याला भोक पाडले की कडेला बर, म्हणजे उचललेली खरखरीत धार, राहते, ती घासल्याशिवाय त्यातून केबल घालता येत नाही आणि नेमक्या त्या वेळी कानस गाडीत राहिलेली असते. म्हणून करवतीच्या जागी धातूची कानस असावी, असे मनात आले. नुसती करवत काढून टाकण्यात अर्थ नव्हता, कारण हंट्समनमधून करवत वजा केली की क्लायंबर उरतो आणि तो दुकानात तयार मिळतो. सुदैवाने एका सहकाऱ्याकडे मोठे पाते तुटलेला, पण कानस शाबूत असलेला त्याच लांबीचा चाकू पडून होता. या कानशीची एक बाजू खरबरीत, दुसरी नखांसाठी बारीक आणि कडेला धातू कापायचे दात असतात. एक काढून तिच्या जागी तीन कामांचे हत्यार येणार, हा हिशेब मला पटला.

ही अदलाबदल शक्य होते ती चाकूच्या रचनेमुळे. व्हिक्टोरिनॉक्सचे संस्थापक कार्ल एल्सेनर यांनी स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावातून १८९१ मध्ये सैन्याला जो चाकू पुरवला, त्यात पाते, आरी, डबा-ओपनर आणि स्क्रूड्रायव्हर एवढीच चार हत्यारे होती. १८९७ मध्ये नोंदवलेल्या अधिकाऱ्यांच्या चाकूत त्यांनी एकाच स्प्रिंगला पोटाकडची आणि पाठीकडची अशी दोन्ही बाजूंची हत्यारे सांभाळायला लावले, आणि जाडी फारशी न वाढता छोटे पाते व मळसूत्र आत मावले. आजही चाकूचा प्रत्येक थर म्हणजे एक स्प्रिंग, तिच्यावर टेकलेली हत्यारे आणि दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. हंट्समनमध्ये असे चार थर आहेत आणि आरपार गेलेल्या पितळी रिव्हेटांनी ते एकत्र आवळलेले आहेत. रिव्हेट काढले की पत्त्यांच्या जोडासारखे थर सुटे होतात, आणि कुठला ठेवायचा हे आपण ठरवायचे.

ज्यांना हातोडी चालवायची नाही त्यांच्यासाठी दुसरा सोपा मार्ग आहे. टिम लेदरमन यांना १९७५ च्या युरोप प्रवासात सुचलेले आणि १९८३ मध्ये बाजारात आलेले जे पक्कडवजा हत्यार, त्याच्या आजच्या वंशजांचे सांधे स्क्रूचे असतात. त्यांतल्या वेव्ह प्लस या मॉडेलमध्ये तार कापायचे जबडे झिजले की बदलता येतात आणि सर्ज या मॉडेलमध्ये जिगसॉ या विजेच्या करवतीचे टी-शँक पाते बसवता येते. सोय मोठी आहे, पण ते धूड मला खिशात नको वाटते. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखीच आहे, की आपण हत्यार उघडून त्यात फेरफार केले की कंपनीच्या हमीवर पाणी सोडावे लागते.

चाकू कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवला की मुठीच्या लाल प्लॅस्टिकच्या पट्ट्या जराशा सैल होतात आणि पातळ पाते सरकवून त्या उचकटता येतात. खाली रिव्हेटांची पसरलेली डोकी आणि त्यांच्याभोवती पितळी बुश, म्हणजे छोट्या कड्या, दिसतात. ही डोकी बुशला धक्का न लावता कानशीने घासून सपाट केली आणि पंचाने रिव्हेट ठोकून बाहेर काढले. एवढ्या कामाला माझी एक अख्खी दुपार गेली. प्रत्येक थर सुटा होताना फोटो काढून ठेवला, हे फार बरे केले. कात्रीची स्वतःची एक बारीक स्प्रिंग असते आणि ती फरशीवर पडली की दिसत नाही, हे मला गुडघ्यांवर बसून कळले.

आता चाकू सुटाच झाला होता, तेव्हा छोट्या पात्याचे टोकही बदलून घ्यावे असा मोह झाला. केबलचे आवरण सोलताना अणकुचीदार टोक आतल्या तारांना ओरखडते. त्याऐवजी धार सरळ आणि पाठ टोकाशी खाली वळलेली असली तर हात निर्धास्त राहतो. येथे मी घाई केली. व्हिक्टोरिनॉक्सची पाती रॉकवेल मापनावर साधारण ५६ कठीण असतात, तर स्प्रिंग आणि मळसूत्र मुद्दाम ४९ च्या आसपास ठेवलेले असते, म्हणजे पात्याने धार धरावी आणि स्प्रिंगने न मोडता वाकावे. हे सगळे मला ठाऊक होते, तरी पाते बेंच ग्राइंडरला लावले आणि पाण्यात बुडवायला दोन क्षण उशीर केला. टोकाला आधी गवतासारखी पिवळी आणि मग तपकिरी छटा चढली. पात्याचे पाणी उतरले, म्हणजे उष्णतेने त्याचा कठीणपणा गेला. ते पाते आज वहीच्या कागदावर दोन वेळा ओढले की बोथट होते आणि निसण्यावर कितीही घासले तरी त्याचा स्वभाव बदलत नाही.

सहकाऱ्याच्या चाकूतले छोटे पाते शिल्लक होते म्हणून निभावले. ते मी ४०० ग्रिटच्या डायमंड प्लेटवर, पाणी शिंपडत, हातानेच घासले. रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास, असे पाच दिवस लागले. बोटांना ऊब जाणवली की थांबायचे, एवढाच नियम ठेवला. शेवटी १००० ग्रिटवर कड गुळगुळीत केली. हे पाते उघडल्यावर कुलूप न होणारे, म्हणजे जागी पक्के न अडकणारे आहे, त्यामुळे टोकाने दाबून काही करायचे नाही, ही मर्यादा आकार बदलला तरी कायम राहते.

जुळणी करताना खरी परीक्षा रिव्हेट ठोकण्याची असते. नवी पितळी सळई आरपार घालायची, दोन्ही अंगांना साधारण तिच्या जाडीइतकी लांबी बाहेर ठेवून कापायची, आणि छोट्या गोल डोक्याच्या हातोडीने मधोमध न मारता कडेकडेने हलक्या टिचक्या देत डोके पसरवायचे. दर आठ-दहा टिचक्यांनी सगळी हत्यारे उघडून पाहायची. कमी ठोकले तर पाती डुलतात आणि जास्त ठोकले तर नख तुटते पण पाते उघडत नाही. पहिल्या खेपेला मी जास्तच ठोकले आणि रिव्हेट घासून पुन्हा काढावा लागला. दुसऱ्या खेपेला पत्र्यांच्या मध्ये कागदाची पट्टी धरून ठोकले आणि मग ती ओढून काढली. तेवढ्या फटीने पात्याचा ‘टक्’ हा मिटण्याचा आवाज परत आला.

मळसूत्राचे काय करावे, यावर घरात चर्चा झाली. बूच असलेली बाटली आमच्या दारातून कधी आत आलेली नाही, त्यामुळे ते काढून टाकावे असेच माझे मत होते. पण त्याच्या वेटोळ्यात एक इवलासा स्क्रूड्रायव्हर फिरवून बसवता येतो, आणि दादांच्या चश्म्याची काडी महिन्यातून एकदा तरी निखळते. “ते तेवढे राहू दे,” असे ते म्हणाले आणि प्रश्न मिटला. सुतळीच्या आवळलेल्या गाठी सोडवायलाही त्याच्या टोकाइतके चांगले काही नाही, हेही नंतर लक्षात आले.

कानस अजून किंचित घट्ट उघडते, पण तेलाच्या एका थेंबाने दिवसेंदिवस सुधारते आहे. काढलेली करवत आणि पाणी उतरलेले पाते एका डबीत ठेवले आहे. कपाटाच्या दाराला नवा कागद लावला आहे आणि तीन आठवड्यांत कानशीपुढे चौदा रेघा झाल्या आहेत. आकड्यापुढे एकही नाही. पण तो पाठीकडे बसतो, तो काढून जाडी काही कमी होणार नाही, म्हणून तूर्त त्याला हात लावलेला नाही.