खेळाच्या तासाला सूट

दिव्यांग विद्यार्थ्याला खेळाच्या तासाला काय काम द्यायचे, हे आपल्या बहुतेक शाळांमध्ये न सांगताच ठरलेले असते. तो वर्गात दप्तरे सांभाळतो, नाही तर मैदानाच्या कडेला बसून गुण लिहितो. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. ‘पडला-झडला तर जबाबदारी कोणाची’ ही शिक्षकांची धास्ती असते आणि पुष्कळदा पालकच सूट मिळावी म्हणून अर्ज देतात. मात्र ही सूट म्हणजे काळजी नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम १६ अनुदानित आणि मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना बजावते, की या मुलांना खेळाची आणि करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने मिळाली पाहिजे. गणिताच्या तासाला अशी सरसकट सूट मागण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

हा विषय काढला की लगेच पदकांचा दाखला दिला जातो. पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये भारताने २९ पदके जिंकली, त्यांत आटपाडी तालुक्यातील सचिन खिलारी यांचे गोळाफेकीतील रौप्यपदक होते. त्याच सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरणात सुवर्णपदक मिळवले होते. अभिमान वाटावा अशीच ही नावे आहेत. तरीही पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले, त्यापूर्वीच ते सैन्यात मुष्टियुद्ध खेळत होते. खेळ त्यांच्या अंगात आधीच मुरलेला होता, ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. जन्मतः सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील इजेमुळे हालचालींवर पुरता ताबा नसलेल्या मुलीला ती सुरुवात शाळेतच मिळू शकते आणि तिथे न मिळाल्यास बहुधा कुठेच मिळत नाही.

यासाठी मोठे क्रीडासंकुल लागत नाही. बोचिया हा खेळ पाहा. एका संघाचे सहा लाल चेंडू, दुसऱ्याचे सहा निळे, आणि पांढऱ्या लक्ष्यचेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपला चेंडू नेऊन ठेवायचा, एवढाच डाव. ज्यांना हाताने चेंडू टाकता येत नाही ते उतरत्या पन्हळीवरून तो सोडतात आणि पन्हळ हलवायला एक सहायक सोबत असतो. मात्र त्या सहायकाने मैदानाकडे पाठ करूनच बसायचे, असा नियम आहे. पन्हळ डावीकडे किती सरकवायची, चेंडू किती उंचीवरून सोडायचा, हे सारे खेळाडूनेच ठरवायचे आणि डोक्याच्या किंवा हाताच्या खुणेने सांगायचे. दिवसभर ज्या मुलीसाठी प्रत्येक निर्णय दुसरेच कोणीतरी घेत असते, तिच्या बाबतीत या एका नियमाचे मोल किती आहे, हे तो खेळ दहा मिनिटे पाहिल्यावर कळते. शाळेपुरते साहित्य घरीही बनते. वाळू भरून शिवलेले चेंडू आणि उभा चिरलेला पीव्हीसी पाइप घेतला की सराव सुरू करता येतो.

गोलबॉल या अंधांसाठीच्या, चेंडू घरंगळत टाकून गोल करण्याच्या खेळाचेही तसेच आहे. मैदानाच्या रेषा पायाला आणि हाताला कळाव्यात म्हणून चिकटपट्टीखाली सुतळी घालतात, चेंडूत घुंगरू असतात आणि सगळ्याच खेळाडूंच्या डोळ्यांवर पट्टी असते. साधा फुटबॉल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला तरी त्याच्या खुळखुळण्यावर सरावापुरते काम भागते. डोळस मुलांना या खेळात घेतले की पहिले काही दिवस तीच चाचपडतात आणि अंध मुलगा त्यांना चेंडूचा आवाज ऐकून तो अडवायला आडवे कसे व्हायचे ते शिकवतो. प्रेक्षकांनी चेंडू खेळात असताना गप्प बसायचे असते, आणि आपल्या शाळांमध्ये ही अट पाळणेच सर्वांत अवघड ठरते!

पैशांची अडचण सांगितली जाते, ती मला अर्धीच पटते. समग्र शिक्षा योजनेतून शासकीय शाळांना क्रीडासाहित्यासाठी प्राथमिक स्तरावर वर्षाला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. त्यातून दरवर्षी बॅट, रिंग आणि दोऱ्याच घ्याव्यात, असे कोणी सांगितलेले नाही. खरी उणीव माणसांची आहे. दिव्यांग मुलांसाठी शाळाशाळांतून फिरणारे विशेष शिक्षक अनेक शाळांना पुरे पडत नाहीत आणि क्रीडाशिक्षकाचे पद पुष्कळ ठिकाणी भरलेलेच नसते. अशा वेळी ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनानिमित्त एक स्पर्धा, प्रमाणपत्र आणि छायाचित्र एवढ्यावर वर्ष उरकले जाते.

म्हणून नव्या वर्षाचे वेळापत्रक जूनमध्ये लावतानाच मुख्याध्यापक, क्रीडाशिक्षक आणि विशेष शिक्षक यांनी एकत्र बसावे, आणि कोणता विद्यार्थी कोणता खेळ खेळणार, त्यासाठी नियमांत किंवा साहित्यात काय बदल करायचा, हे नावानिशी लिहून काढावे. वैद्यकीय कारणाने एखादा खेळ खरोखरच वर्ज्य असेल, तर सूट त्या खेळापुरती द्यावी आणि त्याऐवजी दुसरा कोणता खेळ, हेही त्याच कागदावर नोंदवावे.