गिअरचा स्क्रू फिरवण्याआधी सायकल मागून बघा

सायकल उजव्या अंगावर पडली असेल आणि त्यानंतर गिअर बिघडले असतील, तर आधी ते दुकानात सांगा. मी सांगितलं होतं. पण एका मोठ्या शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ते कुणी कानावर घेतलं नाही. फेब्रुवारी ते मे माझी सायकल तिथे चार वेळा जाऊन आली.

सोलापुरात सात रस्त्याजवळ पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरचा धक्का लागला आणि सायकल पडली. फारसं खरचटलंही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मागच्या दातेरी चक्रांपैकी मधल्या तीन-चारांवर चेन गुमान चालायची, पण सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या चक्रांकडे गेलं की कडकड सुरू. मोठ्या चक्रांसाठी गिअरची वायर जुळवली की लहान बिघडायची, लहान जुळवली की मोठी.

पहिल्या वेळी त्यांनी वायरचा ताण कमी-जास्त केला. दुसऱ्या वेळी "सोलापूरची धूळ आहे मॅडम, चेन गेली" म्हणून नवी चेन टाकली, ६५० रुपये. धूळ खरीच आहे. एप्रिलमध्ये होटगी रोडवरून एक फेरी मारली की तेलकट चेनवर काळी पेस्ट तयार होते, आणि ती कानशीसारखी चेन घासते. म्हणून मीही मान डोलावली. पण जुनी चेन मागून घेतली होती, हे बरं केलं. घरी स्टीलची पट्टी लावून मोजली. पिनेपासून पिनेपर्यंत २४ कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वाढ म्हणजे चेन बदला; पूर्ण सूत वाढली तर मागच्या चक्रांचे दातेही गेलेले असतात आणि नवी चेन त्यांच्यावर जोर लावला की घसरते. माझी चेन १२ इंचाला १२ इंच होती.

तिसऱ्या वेळी वायर आणि आऊटर, म्हणजे वायरवरची नळी, बदललं. तेही आधी तपासता येतं. मोठ्या चक्रावर चढायला चेन आळस करते तेव्हा बहुतेक वायर ढिली असते. उलट, मोठ्यावरून लहानावर उतरताना अडत असेल तर वायर आऊटरमध्ये गंजाने किंवा धुळीने रुतते. मला दोन्हीकडे त्रास होता. हे सांगितल्यावर उत्तर मिळालं, "तुम्ही जोरात पेडल मारताना गिअर टाकता." पंधरा वर्षं सायकल चालवते मी.

चौथ्या वेळी त्यांनी जे केलं त्याची मला अजून चीड येते. सगळ्यात मोठ्या चक्रावर चेन जात नाही म्हणून L लिहिलेला स्क्रू सैल करून दिला. डिरेलरने, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाने, चाकाकडे किती सरकायचं याची हद्द तो स्क्रू ठरवतो. पुढच्या रविवारी तुळजापूरचा घाट चढताना मी शेवटचा गिअर टाकला आणि मागून टक्-टक्-टक् आवाज आला. डिरेलरचा पिंजरा, म्हणजे त्याची दोन लहान चाकं धरणारा खालचा भाग, चाकाच्या तारांना लागत होता. आणखी थोडा आत गेला असता तर चाक जागीच अडकलं असतं, मागून एसटी येत असताना. हात थरथरत होते. उरलेला घाट मी सायकल ढकलत चढले.

कन्ना चौकाकडच्या एका गल्लीत साध्या सायकली दुरुस्त करणारे एक मामा बसतात. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. चाकामागे उकिडवे बसले आणि म्हणाले, "ताई, हिकडं या की. हितनं बघा." बघितलं. वरची चक्रं उभी सरळ आणि डिरेलरची दोन लहान चाकं खालून आत कललेली. डिरेलर ज्या लहान पट्टीवर लटकतो तो हँगरच वाकला होता. फ्रेमऐवजी आपण वाकावं म्हणूनच ती पट्टी मऊ ॲल्युमिनियमची करतात.

मामांनी डिरेलर सोडवला, एक सुटं मागचं चाक घेतलं आणि त्याचा एक्सल हँगरच्या भोकात फिरवून बसवला. आटे जुळतात, दोन्ही १० मिलिमीटरचे. आता दोन चाकं शेजारी शेजारी उभी राहिली. वर दोघांत चार बोटं अंतर, खाली जेमतेम दोन. सुटं चाक धरून त्यांनी हळूहळू दाब दिला, चारी बाजूंनी अंतर सारखं होईपर्यंत. मग आधी H (लहान चक्राकडची हद्द ठरवणारा स्क्रू), मग L आणि शेवटी वायर, या क्रमाने जुळवलं. २० मिनिटं, १०० रुपये. मी त्यांना दोनशे दिले. घेत नव्हते.

"परत पडली तर सरळ करू नका, तुटंल," असं त्यांनी बजावलं, म्हणून नवा हँगर मागवला. त्याला ११ दिवस लागले, कारण प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा असतो. मागवताना जुना काढून भोकं मोजा, फोटो जुळवून बघा.

एक राहिलं. पेडलच्या दर दोन-तीन फेऱ्यांनी ठरावीक हिसका बसत असेल तर गिअरला हात लावू नका. पेडल उलटं फिरवा आणि डिरेलरच्या लहान चाकांवरून जाताना कुठली कडी न वळता उडते ते बघा, ती आखडलेली असते.

जुनी चेन मी रॉकेलमध्ये धुऊन, तेल लावून डब्यात ठेवली आहे. नवी अर्धा सूत वाढली की तीच चढवणार.